मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम निघालाय, बारा आठवडे स्टेरॉइड सांगितलंय. सोलापुरात कुणाचा अनुभव आहे का?

विणकर८४

नमस्कार. माझा मुलगा चार वर्षांचा आहे. राहायला विडी घरकुलात, मी टॉवेलच्या कारखान्यात कामाला. तीन आठवड्यांपासून सकाळी उठला की त्याचे डोळे सुजलेले असायचे, दुपारपर्यंत उतरायचे. जवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून औषध दिलं, दहा दिवस पाजलं. मग पोट फुगलं, चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ जाईना, अंडकोषालाही सूज आली. तेव्हा घाबरून दुसरीकडे नेलं. लघवीत प्रोटीन चार प्लस, रक्तात अल्ब्युमिन १.६, कोलेस्टेरॉल ४१२, क्रिएटिनिन ०.४. बीपी बरोबर आहे. वजन १५ किलोचं १८ झालंय.

डॉक्टरांनी नेफ्रोटिक सिंड्रोम सांगितला. प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड रोज ३० मिलिग्रॅम सहा आठवडे, मग डोस कमी करून एक दिवसाआड आणखी सहा आठवडे. कालपासून सुरू केलंय.

घरात रडारड चालू आहे. बायको म्हणते किडनी गेली, आता डायलिसिस. आई म्हणते स्टेरॉइड देऊ नका, गोखरूचा काढा देऊ, गावाकडं एक जण देतो. शेजारी म्हणतात रोज चार अंडी द्या, प्रोटीन भरून निघेल. डॉक्टरांकडं गर्दी इतकी असते की सगळं विचारून होत नाही. हे कशामुळं झालं? आमचं काही चुकलं का? बरं होतं का? ज्यांच्या घरात झालंय त्यांनी कृपया लिहा.

शिलाईवाली_ताई

दादा, आधी तुमच्या बायकोला हे वाचून दाखवा. क्रिएटिनिन ०.४ म्हणजे तुमच्या लेकराची किडनी रक्त साफ करायचं काम नीट करतेय. ते काम बंद पडलं तर डायलिसिस लागतो. तुमच्याकडं बिघडलंय ते वेगळं आहे. गाळणी सैल झालीय आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लघवीतून वाहून जातंय. अल्ब्युमिन रक्तातलं पाणी धरून ठेवतं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपून डोळ्यांखाली, पोटात, पायांवर साठतं. तुमच्या पोराचं वाढलेलं तीन किलो वजन म्हणजे सगळं पाणी आहे.

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता तेव्हा आमच्याकडं हेच झालं. आता तो अकराचा आहे. जानेवारी होता. गड्ड्याच्या यात्रेत त्याला नवे सँडल घेतले होते, निळे. आठ दिवसांत त्यांचा पट्टा लागेना. मी म्हटलं पोरगं वाढतंय. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडून तसाच राहायचा, ते सासूबाईंनी दाखवलं तेव्हा कळलं. आम्हालाही आधी डोळ्यांत घालायचे थेंब मिळाले होते. म्हणून हे वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाला हात जोडून सांगते, लहान लेकराचे डोळे सकाळी सुजलेले आणि संध्याकाळी उतरलेले असं दोन-चार दिवस दिसलं तर युरिन रुटीन करून घ्या. साधी तपासणी आहे, कुठल्याही लॅबमध्ये होते.

तुमचं काहीही चुकलेलं नाही. मलाही सगळ्यांनी विचारलं होतं, गरोदरपणात काय खाल्लं होतंस, पोराला काय पाजलंस. मी कितीतरी रात्री तेच आठवत बसायचे. मी युनिफॉर्म शिवते, पिशवीत कापडाचे तुकडे असायचे. आमच्या डॉक्टरांनी त्यातलाच एक तुकडा घेतला आणि दोन्हीकडून ताणून उजेडासमोर धरला. म्हणाले, धागा तुटलेला नाही, फक्त वीण फाकलीय, ती परत बसते. एकेका किडनीत अशा साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. लहान मुलांत बहुतेक वेळा हा मिनिमल चेंज नावाचा प्रकार असतो, म्हणजे किडनीचा तुकडा साध्या मायक्रोस्कोपखाली बघितला तर जवळजवळ काहीच दिसत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीचं काहीतरी बिनसतं आणि गाळणी सैल होते. नेमकं कारण बहुतेक मुलांत सापडत नाही. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. खाण्यामुळं होत नाही, एकापासून दुसऱ्याला लागत नाही.

तुमच्या पोराचं वय, बीपी, क्रिएटिनिन सगळं नेहमीच्या चित्रात बसतंय, म्हणून बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं, न करता थेट गोळी सुरू केलीय. सगळीकडं हीच पद्धत आहे. सहा आठवडे रोज गोळी देऊनही प्रोटीन थांबलं नाही तर मग बायोप्सी आणि पुढच्या तपासण्या. पण बहुतेक मुलं महिन्याच्या आत उत्तर देतात, बरीचशी दोन आठवड्यांतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आजच एक वही आणा. रोज सकाळची पहिली लघवी तपासायची आणि लिहायची. तारीख, प्रोटीन, वजन, गोळी दिली की नाही, ताप-सर्दी काही असेल तर ते. स्ट्रिप मेडिकलमध्ये मिळते. आम्हाला सुरुवातीला स्ट्रिप परवडायची नाही, तर सिव्हिलमधल्या सिस्टरांनी काचेच्या नळीची पद्धत शिकवली. नळी दोन तृतीयांश भरायची, लाकडी चिमट्यात तिरकी धरायची आणि फक्त वरचा भाग गॅसवर तापवायचा, खालचा गारच ठेवायचा. नळीचं तोंड आपल्याकडं किंवा लेकराकडं करायचं नाही. वर पांढरट झालं की व्हिनेगरचे तीन-चार थेंब टाकायचे. पांढरं विरलं तर ते क्षार होते. विरलं नाही तर प्रोटीन. पहिल्या दिवशी आमच्या नळीत नासलेल्या दुधासारखे गोळे झाले होते, खालची अर्धी नळी पिवळी नितळ आणि वर ते गोळे. पुढं एकेक दिवस ते विरळ होत गेले. बाराव्या दिवशी नळी वरपासून खालपर्यंत सारखी दिसली. मी ती खिडकीपाशी नेऊन परत बघितली, नवऱ्याला उठवून दाखवली.

लागोपाठ तीन दिवस निल किंवा ट्रेस, म्हणजे नावापुरतंच, आलं की त्याला रेमिशन म्हणतात, आजार दबला. लागोपाठ तीन दिवस तीन प्लस किंवा जास्त आलं की रिलॅप्स, म्हणजे परत उलटला. एखाद्या दिवशी सर्दीतापात एक प्लस आलं तर जीव टांगणीला लावू नका, दुसऱ्या दिवशी परत बघा. वही असली की सूज यायच्या आधीच कळतं, आणि सूज यायच्या आधी गोळी सुरू झाली तर ॲडमिट करायची वेळ सहसा येत नाही. सात वर्षांत माझ्या तीन वह्या भरल्यात.

स्टेरॉइडबद्दल माझं चुकलं ते सांगते, कारण तुमच्या घरात तेच बोलणं चाललंय. दुसऱ्या रिलॅप्सला गोळ्या चालू असताना पोराचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला, गालावर लव आली, तासातासाला भाकरी मागायचा, चिडून वस्तू फेकायचा. लग्नकार्यात लोक बोलले. मी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या आणि एका ओळखीच्यांकडची पुडी सुरू केली. सण होता, वही पण नऊ दिवस उघडली नाही. दहाव्या दिवशी ताप आणि पोटात अशी कळ की हात लावू देईना. पोटात साठलेल्या पाण्यातच जंतुसंसर्ग झाला होता. आठ दिवस सलाइन आणि अँटिबायोटिक. अल्ब्युमिन १.४. डॉक्टर म्हणाले, लघवीतून अल्ब्युमिनबरोबर जंतूंशी लढणारी द्रव्यंसुद्धा जातात, म्हणून या मुलांना असा संसर्ग पटकन गाठतो. आणि बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक तोडलं तर वेगळाच धोका. शरीरातली स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी तोवर झोपलेली असते, बीपी एकदम पडू शकतं. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी पोराला त्यातून नेलं नसतं. तुम्हाला सांगतेय म्हणून ऐका. गोळी डॉक्टरच कमी करतील, त्यांनी सांगितलेल्या तारखांनी. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना.

गोळी नाश्ता झाल्यावर द्या. भूक वाढणार, तेव्हा हाताशी काकडी, गाजर, वरण, बिनमिठाचं ताक ठेवा. बिस्किटाचा पुडा घरात आणूच नका. गोल चेहरा गोळी कमी झाल्यावर उतरतो, आज माझ्या पोराचा फोटो बघून कुणाला सांगून खरं वाटणार नाही. दर भेटीत बीपी, उंची, वजन बघायला सांगा आणि गोळ्या लांबल्या तर वर्षातून एकदा डोळे तपासा, मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब यासाठी.

मिठाचं मात्र कडक पाळा, निदान सूज असेपर्यंत. आपल्या सोलापूरकरांना हेच अवघड. शेंगाचटणी, लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण, सगळं बंद. घरातली सगळीच बिनवरमिठाची जेवली तर पोराला वेगळं वाटत नाही, आम्ही तसंच केलं. ज्वारीची भाकरी, वरण, भाजी चालते. चार अंड्यांची गरज नाही, दादा. जास्त प्रोटीन खाऊन लघवीतून जाणारं भरून निघत नाही. आणि डाळ-दूध तोडायचंही नाही. वयाला लागतं तेवढं नेहमीचं जेवण. पाणी स्वतःच्या मनानं बंद करू नका, आपल्या उन्हात तर नाहीच. लघवी होण्याची गोळीही मेडिकलमधून परस्पर देऊ नका. अंगावर सूज दिसते, पण रक्तवाहिन्यांत पाणी कमीच असू शकतं, त्यात ही गोळी दिली तर पोरगं खचतं.

ताप आणि पोटदुखी, एकाच पायाला जास्त सूज आणि दुखणं, जोरात डोकेदुखी आणि उलट्या, लघवी फार कमी होणं, लघवीत रक्त, मांडीवर किंवा पोटावर लाल गरम चट्टा, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. या आजारात रक्ताच्या गुठळ्या पण होऊ शकतात.

बरं होतं का? खरं सांगते. बहुतेक मुलांना हा परत परत उलटतो. माझ्या मुलाला सात वेळा उलटला. त्याला गोळी कमी केली की परत यायचा, मग लेवामिसोल नावाची गोळी एक दिवसाआड दोन वर्षं दिली, त्यात मध्येमध्ये पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. तीही पुरली नाही तर मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस, रिटुक्सिमॅब अशी पुढची औषधं आहेत. पण स्टेरॉइडला उत्तर देणाऱ्या मुलांची किडनी सहसा टिकते आणि वयात येईपर्यंत बहुतेकांचा आजार मावळतो. माझ्या मुलाचं शेवटचं उलटणं अडीच वर्षांपूर्वीचं. काल शाळेत खो-खो खेळून गुडघा फोडून आलाय.

आईंना दुखवू नका. त्यांना वहीचं काम द्या. आमच्याकडं सासूबाईच स्ट्रिप बघतात, माझ्यापेक्षा पक्क्या.

लॅबवाला_जुळे_सोलापूर

ताईंनी छान लिहिलंय. थोडं लॅबच्या बाजूने.

या मुलांचं रक्त फिरवून ठेवलं की वरचं सीरम दुधासारखं पांढरं येतं. अल्ब्युमिन कमी झालं की लिव्हर भराभर प्रोटीन बनवायला लागतं, सोबत चरबीयुक्त कणही बनवतं, त्यामुळे कोलेस्टेरॉल ४००-५०० दिसतं. त्यासाठी तेल-तूप तोडून चार वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवू नका. आजार दबला की ते आपोआप उतरतं.

स्ट्रिपचा डबा घट्ट बंद ठेवा, दमट बाथरूममध्ये नको. फ्रीजमध्येही नको. पट्टी बुडवून लगेच काढायची, कडेला निथळायची आणि डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग जुळवायचा. पाच मिनिटांनी बघितलेला रंग खोटा. लॅबला नमुना आणायचा तर पहिला सकाळचा, आणि तासाभरात. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दोन तास फिरलेल्या बाटलीवर आम्ही काय रिपोर्ट देणार? चोवीस तासांची लघवी लहान मुलाची जमवणं कठीण, म्हणून एकाच नमुन्यात प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे दोन्हींचं प्रमाण, काढतात. दोनच्या वर म्हणजे नेफ्रोटिक पातळी.

अजून एक, लोक नेफ्रोटिक आणि नेफ्रायटिस यात गोंधळ करतात. लघवी कोऱ्या चहासारखी, बीपी वाढलेलं, आणि आधी घसा किंवा अंगावरच्या फोडांचा संसर्ग होऊन गेलेला, असं असेल तर तो वेगळा आजार, उपचारही वेगळे. तुमच्या मुलाचं तसं दिसत नाही.

साचेवाला५२

मी मोठ्या माणसाचं सांगतो, कारण मोठ्यांना वाटतं हा लहान मुलांचाच आजार.

मी यंत्रमागावर जॉबर. दिवसभर उभं राहून पाय सुजतात असं दोन महिने समजलो. लघवीला फेस यायचा, पाणी टाकलं तरी जायचा नाही. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या रोज खायचो. शेवटी तपासलं तर दिवसाला सात ग्रॅम प्रोटीन जात होतं. मोठ्यांत साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं की नेफ्रोटिक म्हणतात. आमच्यात कारणं बरीच असतात, म्हणून सहसा बायोप्सी करतातच. शुगर हे मोठं कारण. शिवाय ल्युपस नावाचा प्रतिकारशक्तीचा आजार, कावीळ बी, काही कॅन्सर, दुखण्याच्या गोळ्या. डॉक्टरांनी मला गोरेपणाची क्रीम, भस्म, पुड्या यांच्याबद्दलही खोदून विचारलं. काही क्रीममध्ये पारा असतो आणि केरळात अशा क्रीम लावणाऱ्यांना हाच आजार झालेला सापडलाय.

हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन बायोप्सी केली. पालथं झोपवून पाठीत भूल देऊन सुई घालतात, टक्कन आवाज येतो, मग दिवसभर आडवं राहायचं. दुखलं थोडं, भीती जास्त होती. मेम्ब्रेनस नावाचा प्रकार निघाला. पीएलए२आर नावाची अँटिबॉडी रक्तात सापडली, आता तिच्यावरूनच आजार चढतोय की उतरतोय ते बघतात. बीपीची गोळी बीपीसाठी नाही तर प्रोटीन कमी व्हावं म्हणून दिलीय, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. दोन वर्षांत सातचं अर्ध्या ग्रॅमवर आलंय. दादा, तुमच्या मुलाचा प्रकार आमच्यापेक्षा लवकर ऐकतो. धीर धरा.

विणकर८४

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती रडली, पण नंतर रात्री नीट जेवली. आईनं काढ्याचा विषय सोडला, वही तीच लिहिते. स्ट्रिप आणल्यात.

आज गोळीचा सहावा दिवस, अजून तीन प्लस आहे. वजन १६.८. आणखी दोन गोष्टी विचारायच्या. अंगणवाडीत एका पोराला कांजिण्या झाल्यात असं आज कळलं, आमचा परवापर्यंत तिथं जात होता. आणि पल्स पोलिओचा डोस द्यायचा का?

शिलाईवाली_ताई

दादा, कांजिण्यांचं उद्यावर टाकू नका. आत्ता डॉक्टरांना फोन करा आणि नेमका कधी संपर्क आला ते सांगा. स्टेरॉइडच्या एवढ्या डोसवर कांजिण्या जोरात होऊ शकतात. संपर्कानंतर पहिल्या काही दिवसांत द्यायचं इंजेक्शन असतं, उशीर झाला तर त्याचा उपयोग कमी होतो. मुलाला कांजिण्यांची लस झालीय का ते कार्ड काढून बघा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. गोळी बंद करायची नाही.

पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला, कांजिण्या या जिवंत लसी आहेत, मोठा डोस चालू असताना देत नाहीत. बूथवाले घरी आले तर प्रिस्क्रिप्शन दाखवा. न्यूमोकोकल आणि फ्लूची लस मात्र या मुलांना हवीच, ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मला ती लस पोटातल्या त्या संसर्गानंतर कळली.

सहाव्या दिवशी तीन प्लस म्हणून हिरमुसू नका. वजन एक किलोच्या वर उतरलंय, ते बघा.

विणकर८४

ताई, त्याच रात्री दवाखान्यात नेलं. लस झालेली नव्हती. ते इंजेक्शन जिल्ह्यात एकाच ठिकाणी होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. आजपर्यंत अंगावर काही उठलेलं नाही, चार आठवडे लक्ष ठेवायला सांगितलंय.

अकराव्या दिवशी ट्रेस. बाराव्या दिवशी निल. आज तेरावा, निल. वजन १५.१. आईनं तारखेखाली तीन रेघा ओढल्यात. गोळी आता कमी करायची का?

शिलाईवाली_ताई

नाही. सहा आठवडे रोजची पूर्ण करायची, मग सहा आठवडे दिवसाआड, जशी लिहून दिलीय तशी. वहीत आज "रेमिशन" असं लिहा आणि डॉक्टरांना पुढच्या भेटीत ते पान दाखवा. उद्या सकाळी परत स्ट्रिप.